विचार करण्याच्या वेळेचे पैसे

मी अमेरिकेत एका मोठ्या हॉस्पिटल समूहात किडनीची डॉक्टर आहे. इथे पेशंट आधी प्रायमरी केअर डॉक्टरकडे, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरकडे जातो, आणि त्यांना गरज वाटली तर ते आमच्यासारख्या स्पेशालिस्टकडे पाठवतात. नव्या पेशंटला माझी वेळ मिळायला कित्येक आठवडे लागत. एवढी वाट पाहून, कामावर सुट्टी टाकून, लांबून गाडी चालवत आलेल्या पेशंटचे कागद चाळताना कितीदा तरी लक्षात यायचं की याला इथे यायची गरजच नव्हती. एक गोळी बंद करायची होती आणि एक तपासणी पुन्हा करायची होती, एवढंच. आणि त्याच रांगेत मागे कुठेतरी असा कुणीतरी असायचा, ज्याला मी महिन्यापूर्वीच पाहायला हवं होतं.

ई-कन्सल्ट हा या रांगेवरचा एक उपाय. फॅमिली डॉक्टर पेशंटच्या इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डमधूनच मला लेखी प्रश्न पाठवतात. मी रिपोर्ट, औषधं, जुन्या नोंदी बघते आणि लेखी उत्तर देते. पेशंटशी माझी गाठ पडत नाही, व्हिडिओ कॉलही होत नाही. बोलणं दोन डॉक्टरांमध्येच होतं आणि पुढचे उपचार फॅमिली डॉक्टर करतात. आमच्याकडे हे सुरू झालं तेव्हा या कामाचे पैसे कोणी, कोणाला, किती द्यायचे हे कुणी ठरवलंच नव्हतं. ते ठरेपर्यंत जे काही झालं, ते इथे लिहिते आहे. त्या ठरवण्यात मी पहिल्यापासून होते.

आधी हे काम म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण पैशाचा सगळा वाद तिथूनच सुरू होतो. एक नेहमीचा प्रश्न घ्या: "७२ वर्षांचे गृहस्थ, क्रिएटिनीन १.६, पुढे काय करू?" एका ओळीचा प्रश्न. क्रिएटिनीन म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक. त्यावर मी आधी मागच्या पाच वर्षांचे आकडे काढते, कारण १.६ हा आकडा हळूहळू चढत आला की एकदम उडी मारून आला, यावर सगळं अवलंबून. वय धरून किडनीचं काम मोजलं तर ते ४५ च्या आसपास येतं, म्हणजे डायलिसिसच्या जवळपासही नाही. मग औषधांची यादी. त्यात गुडघ्यांसाठी रोज घेतलेली आयबुप्रोफेन, म्हणजे किडनीला त्रास देऊ शकणारी वेदनाशामक गोळी, सापडते. तपासणीच्या दोन दिवस आधी लघवीच्या इन्फेक्शनसाठी ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक सुरू झालेलं दिसतं. या औषधाने किडनीला काही न होताही क्रिएटिनीन वर गेलेलं दिसू शकतं. लघवीत अल्ब्युमिन हे प्रोटीन किती जातं ही तपासणी केलेलीच नसते. पोटाचा जुना सीटी स्कॅन वेगळ्याच कारणासाठी काढलेला असतो, पण त्यात दोन्ही किडन्यांचा आकार मला बघायला मिळतो.

हे सगळं जुळवल्यावर मी लिहिते: आयबुप्रोफेन बंद करा, अँटिबायोटिकचा कोर्स संपला की दोन आठवड्यांनी क्रिएटिनीन पुन्हा तपासा, लघवीतल्या अल्ब्युमिनचं प्रमाण मागवा. ते ३०० च्या वर आलं तर माझ्याकडे पाठवा. त्याहून कमी पण ३० च्या वर असेल आणि रक्तदाब असेल तर लोसार्टन ही रक्तदाबाची गोळी सुरू करा, दोन ते चार आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनीन बघा. क्रिएटिनीन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी घाबरून औषध थांबवू नका. वाचायला एक मिनिट लागेल असं हे उत्तर. लिहायला मला वीस मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त.

सुरुवातीला ही वीस मिनिटं कुणाच्याच हिशेबात नव्हती. डॉक्टरांनी एकमेकांना जाता जाता प्रश्न विचारायचे आणि उत्तर द्यायचं, ही आमच्या व्यवसायातली जुनी, चांगली रीत आहे, आणि ई-कन्सल्ट तिचंच लेखी रूप आहे असं हॉस्पिटलने धरून चाललं. पण कॉरिडॉरमध्ये दिलेल्या उत्तराची नोंद राहत नाही, त्याखाली सही नसते आणि मी रिपोर्ट स्वतः उघडून पाहिलेले नसतात. ई-कन्सल्टमध्ये माझं नाव पेशंटच्या रेकॉर्डमध्ये कायमचं जातं, आणि उद्या काही चुकलं तर मला विचारलं जाणार असतं. आमचा पगार ज्या कामाच्या मापावर, म्हणजे आरव्हीयूवर ठरतो, त्यात नवा पेशंट समोर बसून तपासला तर साधारण २.६० एकक जमा होतात. ई-कन्सल्टला शून्य. सहकारी दिवसभराची ओपीडी संपवून, जेवायच्या वेळेत किंवा रात्री मुलं झोपल्यावर उत्तरं लिहीत होते.

काही महिन्यांत उत्तरं आखडत गेली. "क्लिनिकमध्ये पाठवा." "आवश्यक वाटल्यास रेफर करा." मी त्या सहकाऱ्यांना दोष देत नाही. यातले कित्येक जण अतिशय मनापासून काम करणारे आहेत. पण फुकट घेतलेल्या वेळेतून कितीसा विचार निघणार? तिकडे फॅमिली डॉक्टरांनी प्रश्न पाठवणं कमी केलं, कारण असलं उत्तर मिळणार असेल तर सरळ रेफरलच केलेलं बरं. रांग होती तेवढीच राहिली.

मग एक छोटा गट नेमला गेला. त्यात आम्ही दोन-तीन विभागांचे स्पेशालिस्ट, फॅमिली डॉक्टर, बिलिंगचे लोक, फायनान्स आणि नियमपालन विभाग होता. पहिलं उत्तर सगळ्यांना सोपं वाटलं: कोड आहेत, वापरा. अमेरिकेत प्रत्येक वैद्यकीय सेवेला पाच आकडी कोड असतो आणि इन्शुरन्स त्यावर पैसे देतं. मेडिकेअर म्हणजे ६५ वर्षांवरच्या लोकांसाठीचं सरकारी इन्शुरन्स. त्यांनी १ जानेवारी २०१९ पासून डॉक्टर-ते-डॉक्टर सल्ल्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. ९९४४६ ते ९९४४९ हे कोड बोलून आणि लिहून दिलेल्या सल्ल्यासाठी, मिनिटांच्या टप्प्यांनुसार. ९९४५१ हा फक्त लेखी अहवालासाठी, किमान पाच मिनिटांच्या कामाला. ९९४५२ हा प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरसाठी. आम्हाला लागू होणारा होता ९९४५१. त्याला ०.७० आरव्हीयू, आणि पैशांत पस्तीस डॉलरच्या आसपास. शून्यापेक्षा नक्कीच बरं. मलाही तेव्हा वाटलं, चला, प्रश्न सुटला.

आम्ही तो कोड लावायला लागलो तशा त्यातल्या अटी एकेक करून अंगावर आल्या. पेशंटची तोंडी संमती घेऊन ती नोंदवावी लागते, आणि त्याला हेही सांगावं लागतं की याचं बिल लागू शकतं. २०२० पासून ही संमती वर्षातून एकदा घेतली तरी चालते, पण ती घेण्याचं काम फॅमिली डॉक्टरचं, आणि त्यांच्याकडे पंधरा-वीस मिनिटांच्या भेटीत आधीच दहा कामं. एकाच पेशंटसाठी सात दिवसांत एकदाच कोड लावता येतो. म्हणजे माझ्या उत्तरावर फॅमिली डॉक्टरने उलट प्रश्न केला, जो खरं तर चांगल्या डॉक्टरने करायलाच हवा, तर ते दुसरं उत्तर पुन्हा फुकट. आणि सगळ्यात मोठी अट: त्या पेशंटला मी मागच्या चौदा दिवसांत पाहिलेलं नसावं, आणि सल्ल्यानंतर चौदा दिवसांत किंवा माझ्या पुढच्या रिकाम्या अपॉइंटमेंटला तो माझ्याकडे येणार नसावा. आला तर ई-कन्सल्टचं बिल लावता येत नाही.

या शेवटच्या अटीमागचं कारण मला समजतं. त्याच प्रश्नासाठी दोनदा पैसे द्यायचे नाहीत, इतकंच तिचं म्हणणं. पण ती आमच्या कामावर कशी पडते ते एका पेशंटने दाखवून दिलं.

पन्नाशीतल्या बाई. थकवा, भूक कमी. फॅमिली डॉक्टरचा प्रश्न साधा होता: क्रिएटिनीन वाढलंय, रक्तदाबाची गोळी बंद करू का? मी आकडे पाहिले. काही आठवड्यांपूर्वी ०.९, आता २.१. लघवीच्या रिपोर्टमध्ये रक्त आणि प्रोटीन दोन्ही, आणि ते रिपोर्टच्या तळाशी, कुणाचं सहज लक्ष जाणार नाही अशा जागी. हे गोळीचं काम नव्हतं. मी लेखी उत्तराची वाट न बघता फॅमिली डॉक्टरांना फोन केला आणि त्याच दिवशी बाईंना हॉस्पिटलमध्ये भरती करायला सांगितलं. तिथे माझ्या गटातल्या सहकाऱ्याने त्यांना तपासलं, बायॉप्सी झाली आणि रक्तवाहिन्यांना सूज आणणारा, किडनी आठवड्यांत निकामी करू शकणारा आजार निघाला. स्टेरॉइड आणि रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध सुरू झालं. त्या डायलिसिसपासून वाचल्या. रेफरलच्या रांगेत त्या उभ्या राहिल्या असत्या, तर माझ्यापर्यंत पोचेपर्यंत किडनीत वाचवण्यासारखं काही उरलं नसतं.

नियमाप्रमाणे या ई-कन्सल्टचं बिल रद्द झालं. एकाच गटातले, एकाच विषयाचे डॉक्टर बिलाच्या दृष्टीने एकच. गटाला तपासणीचे पैसे मिळालेच, असं फायनान्सच्या प्रतिनिधींनी म्हटलं, आणि ते खरंच होतं. पण मी बैठकीत जे मांडलं ते आजही तसंच मांडीन. या वर्षात मी टेबलाशी बसून केलेलं सगळ्यात मोलाचं काम हे होतं, आणि आपल्या हिशेबात ते शून्य आहे. "गोळी चालू ठेवा" असं लिहिलं असतं तर ०.७० जमा झाले असते. आपण पैसे देतोय ते विचारासाठी की पेशंटला दारापासून लांब ठेवण्यासाठी? हे ठरलं नाही तर माझ्यासारख्या डॉक्टरच्या मनात, तिच्या नकळत, "येऊ नका" या उत्तराकडे झुकाव तयार होईल. तो पेशंटसाठी धोका आहे.

दुसरा धक्का पेशंटच्या बाजूने आला. मेडिकेअरमध्ये खर्चाचा पाचवा हिस्सा पेशंटचा. पस्तीस डॉलरवर तो सात डॉलरच्या घरात जातो, आणि पुष्कळांचं पूरक इन्शुरन्स तोही भरतं. पण खासगी इन्शुरन्स असलेल्यांना वर्षाच्या सुरुवातीला, ठरावीक रक्कम स्वतःच्या खिशातून भरून होईपर्यंत, पूर्ण बिल येतं. एका गृहस्थांनी क्लिनिकला फोन केला. बिलावर माझं नाव होतं. "मी या डॉक्टरांना कधी भेटलेलोच नाही," ते म्हणाले. आवाजात राग होता आणि मला तो रास्त वाटला. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी संमती घेतली होती, तशी नोंद होती, पण घाईत उच्चारलेलं एक वाक्य दोन महिन्यांनी कुणाच्या लक्षात राहणार? मी त्यांना स्वतः उलट फोन केला आणि त्यांच्या रिपोर्टमध्ये काय बघितलं, काय सुचवलं ते सांगितलं. ते शांत झाले. शेवटी त्यांनी विचारलं, "हे मला आधीच का नाही सांगितलं?" पैशांपेक्षा त्यांना ते जास्त लागलं होतं.

त्यानंतर आम्ही एक गोष्ट ताबडतोब बदलली. एप्रिल २०२१ पासून इथल्या कायद्याने पेशंटला स्वतःच्या रेकॉर्डमधल्या नोंदी ऑनलाइन लगेच वाचता येतात, त्यात माझी ई-कन्सल्टची नोंदही आली. म्हणून आता मी उत्तराच्या सुरुवातीला चार ओळी पेशंटसाठी लिहिते. मी कोण, मला कोणी विचारलं, मी काय पाहिलं, आता त्यांचे डॉक्टर काय करतील. याला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. मला ती अजिबात जड वाटत नाहीत.

मोबदल्याचा मुख्य प्रश्न मात्र तसाच होता. मग आम्ही इतरांनी काय केलं ते शोधलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक हॉस्पिटलने २००५ मध्ये पोटविकार विभागापासून सुरुवात केली होती, आणि रेफरल वाचणाऱ्या स्पेशालिस्टच्या वेळेसाठी वेगळे पैसे दिले होते. लॉस एंजेलिस काउंटीने २०१२ पासून आपल्या सरकारी दवाखान्यांत ई-कन्सल्ट आणलं. तिथल्या अभ्यासात साधारण चौथा हिस्सा प्रश्न प्रत्यक्ष भेटीशिवाय सुटलेले दिसले आणि भेटीसाठीची वाट ६३ दिवसांवरून ५२ वर आली. माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांनी २०११ मध्ये हे सुरू केलं, पण तिथले डॉक्टर पगारी, त्यामुळे त्यांचा हिशेब आम्हाला जसाच्या तसा लागू पडत नव्हता.

माझं मन बसलं ते कॅनडातल्या ओटावाच्या पद्धतीवर. क्लेअर लिडी या फॅमिली डॉक्टर आणि एरिन कीली या हॉर्मोनविकारतज्ज्ञ, दोघींनी मिळून २०१० मध्ये ती उभी केली. तिथे स्पेशालिस्टला तासाला २०० कॅनेडियन डॉलर या दराने, जेवढी मिनिटं लागली तेवढ्याचे पैसे दिले गेले. उत्तर पूर्ण करताना किती वेळ लागला ते डॉक्टरनेच नोंदवायचं. पेशंटला पाठवा, पाठवू नका, आधी ही तपासणी करा, उत्तर काहीही असो, मोबदला वेळेचा. आणि ज्या पेशंटला आधी रेफर करायचा विचार होता, त्यातल्या बऱ्याच जणांना ई-कन्सल्टनंतर पाठवावं लागलं नाही. उत्तर कुठलंही असलं तरी पैसे मिळणार असतानाही डॉक्टरांनी सरसकट "पाठवा" म्हटलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

आमच्या बैठकीत यावर पहिला आक्षेप अपेक्षित होता: डॉक्टर मिनिटं वाढवून लिहितील. मी म्हटलं, ओपीडीतल्या भेटीचा स्तरही, ज्यावर तिचं बिल ठरतं, आम्ही स्वतःच लिहितो, आणि त्यावर तुमचा विश्वास आहे. इथे तर प्रत्येक उत्तर समोर लेखी आहे. दोन ओळींच्या उत्तराला कुणी चाळीस मिनिटं लावली तर ते लगेच दिसेल. नियमपालन विभागाचा आक्षेप जास्त गंभीर होता. डॉक्टरांना दिलेला मोबदला त्यांनी किती पेशंट हॉस्पिटलकडे वळवले यावर ठरता कामा नये, तसा इथे कडक कायदा आहे. पण वेळेवर ठरवलेला, बाजारभावाला धरून असलेला दर त्यात नीट बसतो. उलट ९९४५१ च्या चौदा दिवसांच्या अटीपेक्षा तो जास्त स्वच्छ आहे.

पैसे आणायचे कुठून? कोडमधून येणारे पैसे पुरत नव्हते, हे फायनान्सने आकड्यांनिशी दाखवलं. गरिबांसाठीच्या मेडिकेड इन्शुरन्समध्ये तर जानेवारी २०२३ पर्यंत अशा सल्ल्याचे पैसे स्पेशालिस्टला थेट देताच येत नव्हते. त्या महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून ती वाट मोकळी केली, पण प्रत्येक राज्याने ती स्वीकारायला हवी. दुसरीकडे आमच्या समूहाचे काही करार असे आहेत की ठरलेल्या लोकसंख्येचा एकूण खर्च कमी झाला तर बचतीचा वाटा हॉस्पिटलला मिळतो. टळलेली अनावश्यक भेट तिथे तोटा ठरत नाही. आणि माझ्या ओपीडीतल्या रिकाम्या झालेल्या जागी ज्याला खरंच माझी गरज आहे असा पेशंट येतो. शेवटी याच आधारावर अंतर्गत निधी मंजूर झाला.

आता आमच्याकडे असं चालतं. आठवड्यात ठरावीक अर्धे दिवस ई-कन्सल्टसाठी राखून ठेवलेले आहेत. त्या वेळात ओपीडी नाही, आणि त्या वेळेचा मोबदला ठरलेला. त्याबाहेर उत्तर दिलं तर मिनिटांप्रमाणे. इन्शुरन्सला कोड लावता आला तर हॉस्पिटल लावतं, नाही लावता आला तर डॉक्टरच्या मोबदल्याला धक्का लागत नाही. बाईंना तातडीने भरती करायला सांगितलेल्या त्या उत्तरासारखं उत्तर आज दिलं, तर त्याचा वेळ धरला जातो.

फरक पडला तो पहिल्यांदा उत्तरांच्या लांबीत आणि मग प्रश्नांच्या दर्जात दिसला. पूर्वी "क्रिएटिनीन जास्त, मदत करा" असा प्रश्न यायचा. आता तेच फॅमिली डॉक्टर विचारतात, "अल्ब्युमिन १८०, लोसार्टन सुरू आहे, पोटॅशियम ५.२ आलंय, पुढचं औषध आणू की आधी आहार बघू?" त्यांना माझ्या मागच्या उत्तरांतून जे मिळालं ते त्यांच्या पुढच्या पेशंटला आधीच मिळालेलं असतं, मला विचारण्यापूर्वीच. यासाठी कुठला कोड नाही.

एका बाजूचा हिशेब मात्र अजून अर्धवट आहे. मी लिहिलेल्या चार सूचना अमलात आणायच्या कोणी? फॅमिली डॉक्टरने. तपासण्या मागवणं, पेशंटला फोन, औषध बदलणं, दोन आठवड्यांनी पुन्हा आकडे बघणं, हे पूर्वी माझ्या क्लिनिकमध्ये झालं असतं ते आता त्यांच्या टेबलावर आलं. त्यांच्यासाठीचा ९९४५२ लावायला किमान सोळा मिनिटं त्याच कामात गेलेली दाखवावी लागतात, आणि त्यांचा वेळ पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत विखुरलेला असतो. आमच्या गटातल्या एक फॅमिली डॉक्टर मला म्हणाल्या, "तुझं उत्तर वाचून आनंद होतो, आणि मग माझी संध्याकाळ जाते." काही विद्यापीठांच्या हॉस्पिटलांत ई-कन्सल्टमागे दोन्ही डॉक्टरांच्या खात्यात कामाचं श्रेय जमा करतात. पुढच्या आर्थिक वर्षासाठी आम्ही दोघींनी मिळून तसा प्रस्ताव लिहिला आहे. स्पेशालिस्टचा दर आहे तसा ठेवून त्यात फॅमिली डॉक्टरचा वाटा नव्याने घालायचा, अशी मागणी आहे. फायनान्सने आमच्या निधीतूनच तो कापून द्यायचं सुचवलं होतं. ते मी मान्य केलेलं नाही.